डब्या इकडे, सीड्या तिकडे

४ नोव्हेंबर

वि.चा फोन. भर दुपारी. मी लॅबमध्ये, हातात मोजे, समोर रक्ताच्या नळ्यांचा स्टँड. विलास दुपारी कधी फोन करत नाही, उमरखेडला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान, तेव्हाच गिऱ्हाईक असतं. म्हणून उचलला.

"जमलं," म्हणाला.

मी म्हटलं, "काय? मोटार?"

"लग्न."

कुणाचं हे विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. साटंलोटं. सुमीला, त्याच्या धाकट्या बहिणीला, जो मुलगा पसंत आहे त्याचीच बहीण वि.ला. एका मांडवात दोन्ही लग्नं. वि. नाही म्हणाला तर सुमीचंही मोडतं. तांड्यातले मोठे लोक बसले, बोलले, चहा पिऊन उठले. याडी रडली म्हणे. आईला ते याडी म्हणतात. मी पण म्हणायला शिकले होते.

मी "ठीक आहे" म्हटलं. ठीक आहे म्हटलं मी! आठ वर्षांनंतर तोंडातून निघालं काय, तर ठीक आहे. नंतर एकच नळी दोनदा मशीनला लावली.

५ नोव्हेंबर

रजा टाकली. सकाळपासून डोक्यात एकच. त्याच्या वाट्याच्या सगळ्या सीड्या खोक्यात भरायच्या, उमरखेडच्या गाडीत द्यायच्या, विषय खलास.

कपाट उघडलं. पहिली हाताला लागली ती 'घुबड'. डबी उघडली. रिकामी. 'जळका पूल' रिकामी. 'तीन कावळे' डबीत सीडी आहे, पण ती 'विहिरी'ची.

(ही आमची नावं. त्या बर्फाळ देशातल्या मेटल बँडांची खरी नावं आम्हा दोघांच्याही जिभेला झेपत नाहीत. म्हणून कव्हरवरच्या चित्रावरून बारसं केलेलं.)

जमिनीवर बसले आणि हसू आलं. मग रडू. बाबा बाहेरून म्हणाले, "काय होऊन राह्यलं आत?" म्हटलं, "काही नाही, आवरून राह्यली."

चूक आमचीच आहे आणि दुसऱ्या कुणाच्या हातून ती होणं शक्य नाही. एसटीतून सीडी पाठवायची तर डबीला हमखास तडा जातो. म्हणून डबी आणि आतलं पुस्तक घरी ठेवायचं, नुसती सीडी कापसात गुंडाळून कंडक्टरच्या हाती द्यायची. बाबा कंडक्टर होते, त्यामुळे मला त्या लाइनवरचे सगळे ओळखतात. "कंडक्टरच्या पोरीचं पार्सल." तिकडून वि. दुसरी पाठवणार, कापूस तोच. कुठली डबी कुणाकडे, कुठली सीडी कुणाकडे, याचा हिशोब दोघांपैकी एकानेही ठेवला नाही. कायले ठेवायचा? शेवटी एकाच कपाटात यायचं होतं सगळं.

आणि एकच अल्बम दोघांनी घेतला असं कधी झालं नाही. त्याने घेतला की मी घ्यायचा नाही, मी घेतला की त्याने नाही. "एका घरात एकाच अल्बमच्या दोन कॉप्या कायले?" हे वि. पहिल्या वर्षी अर्ध्या वाटेवरच्या आर्णीच्या स्टँडवर म्हणाला होता, उसाचा रस पिता पिता. आमच्यात लग्नाचं बोलणं झालं ते एवढंच. त्याच्याहून स्पष्ट पुढे कुणीच काही बोललं नाही.

डबीशिवाय सीडी शौकीन माणूस हातात धरत नाही. सीडीशिवाय डबी म्हणजे मसाल्याचा डबा सुद्धा नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

७ नोव्हेंबर

बाबांना सांगितलं. सांगावं लागलं, दोन दिवस भाजीत मीठच नव्हतं. ते तुरीच्या शेंगा सोलत होते, थांबले नाहीत.

"तो सीडीवाला राठोड?"

"हो."

"हं."

एवढंच. आठ वर्षं बाबांनी 'हो' म्हटलं नाही, 'नाही' म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. आधी दादाचं लग्न होऊ दे. मग वि.चं दुकान बसू दे. मग लॉकडाऊन. मग आईचं आजारपण, मग आई गेली, मग वर्ष होऊ दे. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं. खोटं एकही नव्हतं, हेच तर.

संध्याकाळी म्हणाले, "मोबाईलवर फुकट भेटते ना तुमचं ते बोंबलणं? मंग या डब्यांसाठी कायले जीव काढून राह्यली?"

काय सांगू. मोबाईलवर सगळंच आहे आणि माझं काहीच नाही. आईच्या शेवटच्या महिन्यात ती झोपली की मी हेडफोन लावून 'घुबड' लावायचे. दुसरं कुठलंच गाणं माझ्या आतल्या आवाजापेक्षा मोठं नव्हतं. ती सीडी वि.ने पाठवली होती, कापसात गुंडाळून. त्या कापसाला सरकी चिकटलेली होती. मोबाईलला सरकी चिकटते का?

८ नोव्हेंबर

सुमीचा फोन. नेहमी "भाभी, काय चालू हाय?" अशी सुरुवात करायची. बारावीपासून भाभी म्हणते.

आज म्हणाली, "ताई."

मग तिने सांगितलं, मुलगा चांगला आहे, पुसदला नोकरी करतो, तिला पुढे शिकू देणार आहे. "ताई, तुमी रागावल्या काय माह्यावर?" म्हटलं, "नाही गं पोरी." खरंच नाही रागावले. रागवायला कुणीतरी दुष्ट लागतो. या सगळ्या प्रकरणात एक दुष्ट माणूस सापडला असता तर किती बरं झालं असतं.

फोन ठेवल्यावर त्या 'ताई'ने जे केलं ते मंगळवारच्या 'जमलं'ने केलं नव्हतं. लॅबच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर लोक उपाशीपोटी शुगर तपासायला थांबलेले.

९ नोव्हेंबर

वि.ला मेसेज. 'डब्या माझ्याकडे, सीड्या तुझ्याकडे. जुळवायला हव्यात. पुढचा रविवार.' लगेच उत्तर आलं, 'हो. आर्णी?'

बाबांनी कसं कोण जाणे ताडलं. म्हणाले, "स्टँडवर काय वाटण्या करता, भांडेवाल्या बाईसारख्या? घरी बोलाव त्याले."

आठ वर्षांत वि. आमच्या घराच्या आत आलेला नाही. गावाबाहेर लोहाऱ्याच्या फाट्यापर्यंत सोडायचा, वळायचा. आता येणार. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच असावं.

१२ नोव्हेंबर

काम चालू. मन ठिकाणावर नाही. आशा. लिहायलाही लाज वाटते, पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार. मला वाटतंय की तो येईल, सगळ्या डब्या मांडलेल्या पाहील, आणि त्याच्याने हे होणार नाही. म्हणेल, नाही जमत वंदू. जाऊन सांगतो त्यांना. एवढं एकच वाक्य हवंय. त्यासाठी निळा कुर्ता इस्त्री केला. मूर्ख बाई!

'जपानी'चं काय करायचं?

तो एकच अल्बम आमच्याकडे सीलबंद आहे. जपानमध्ये छापलेला, त्यावर तो कागदी पट्टा असतो, वि. त्याला कमरपट्टा म्हणतो. आमच्या सीड्या मागवून देणाऱ्या नागपूरच्या अन्सारीभाईंनी कुठून तरी मिळवून दिला होता. ठरलं होतं की दोघांचं घर होईल त्या दिवशी फोडायचा. तोपर्यंत ऐकायचा नाही, मोबाईलवरसुद्धा नाही. आणि दोघांनी पाळलं. जगात लाखो लोकांनी ऐकलेली गाणी, आम्ही दोघं कानात बोटं घालून बसलो. असलं कुणी करतं का?

१६ नोव्हेंबर, रविवार

आला. सकाळच्या गाडीने, दोन पिशव्या मांडीवर घेऊन. बारीक झालाय. दाढी केलेली, त्याला दाढी केलेली शोभत नाही.

बाबांनी चक्क इस्त्रीचा शर्ट घातला होता. वि. पाया पडला. "राहू द्या, राहू द्या. बसा. चहा घ्या." मग बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसले. आत जातील असं वाटलं होतं. नाही गेले.

आम्ही सतरंजीवर. त्याने पिशवीतून सीडी नाहीतर रिकामी डबी काढायची, नाव घ्यायचं, मी तिची जोडी शोधायची. "घुबड." "ही घे." टक्. "विहीर." "थांब, ती माझ्याकडंच आहे, कावळ्यांमध्ये." टक्. हात भरभर चालत होते. जणू काही आम्ही एकत्र कपाट लावतोय. एकदा तर तो हसला, 'भूत' आणि 'म्हातारी' दोन्ही एकाच डबीत कोंबलेल्या निघाल्या तेव्हा. मीही हसले. ते दोन मिनिटं मी सुखात होते, खरं सांगायचं तर.

मग कुणी काय न्यायचं. "तू ठेव." "तू ने." "तूच ठेव सगळ्या, वंदू."

मी भडकले. मला दान नको. सगळं माझ्याकडे टाकलं की तू मोकळा, असं आहे होय?

तो म्हणाला, "तसं नाही. माह्याकडं ठेवायले जागा कुठं हाय. कपाट तिच्या माहेरून येणार हाय, त्याच्यात…"

बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बोलले. बाबा समोर असताना बोलले.

"नाही म्हण ना त्यांना."

त्याच्या हातात सीडी होती, कडेला धरलेली. खाली बघत म्हणाला, "सुमीले काय सांगू?"

"मला काय सांगितलंस?"

माझ्याही हातात एक होती, तीही कडेलाच धरलेली. एवढं होऊनही दोघांपैकी कुणाचं बोट चकाकत्या बाजूला लागलं नाही. सवय.

मग म्हणाला, "दोन वर्षांआधी सांगतलं असतं याडीले, तं भांडून मोकळा झालो असतो. तवा सुमीचं काही नव्हतं. तवा वाटलं, घर बांधून होऊ दे."

"मलाही वाटलं. आईचं वर्ष होऊ दे."

पेपर खाली आला. बाबा म्हणाले, "एवढं वाटून राह्यले, तं एखादं वाजवा तरी. मले आयकू द्या, काय हाय त्याच्यात."

बाबांनी जन्मात कधी असं म्हटलेलं नाही. माझं दार बंद कर, शेजारचे काय म्हणतील, हेच ऐकत आलेय.

वि.ने 'जपानी'कडे पाहिलं. मी पण. उचलला मी. नखाने प्लास्टिक फाडलं. "हळू, कमरपट्टा फाटंल," तो सवयीने म्हणाला.

लावला. आवाज पूर्ण. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. आम्ही दोघं भिंतीला टेकून, मध्ये सतरंजीवर डब्या. बाबा खुर्चीत ताठ, गुडघ्यांवर हात, मयताला बसल्यासारखे.

आणि अल्बम बरा आहे. नुसता बरा. तिसरं गाणं चांगलं, बाकी असंच. ड्रम पत्र्यावर गोटे टाकल्यासारखे. गिटार आधीच्या अल्बममधलीच उचललेली. एवढी वर्षं देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा ठेवला तो हा! वि.कडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. "चांगला हाय," म्हणाला. खोटं बोलताना त्याची डावी भुवई वर जाते.

तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. याडीचं सांगताना नाही, सुमीचं सांगताना नाही. तेव्हा. मी हात पुढे केला नाही. बाबा होते म्हणून नव्हे. हात पुढे केला असता तर परत घेता आला नसता.

शेवटपर्यंत ऐकलं तिघांनी. संपल्यावर बाबा म्हणाले, "मधात ते शांत झालं होतं, तेवढं चांगलं वाटलं."

मग वि.ला म्हणाले, "राठोड, तुमी मले कधी विचारलं नाही."

वि. म्हणाला, "काका, तुमी हो म्हटलं असतं काय?"

बाबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. "पह्यल्या दिवशी नसतं म्हटलं. भांडलो असतो. मंग म्हटलं असतं."

बाबा उठून मागच्या दारी गेले. मोटार चालू केली आणि भरलेल्या टाकीत पाणी सोडत बसले.

वाटणी अशी झाली नाहीच. त्याने हाताला आल्या त्या पिशवीत भरल्या, मी बघितलं नाही. निघताना म्हणाला, "वंदू, तू…" मी म्हटलं, "गाडी चुकेल." स्टँडपर्यंत बाबाच सोडून आले, स्कूटरवर. त्याच्या पिशव्या बाबांनी पुढे पायाजवळ ठेवल्या होत्या, नीट, दोन्ही पायांच्या मध्ये.

१७ नोव्हेंबर

'जपानी' माझ्या प्लेयरमध्येच राहिली. डबी, पुस्तक, कमरपट्टा, सगळं त्याच्या पिशवीत गेलं.

त्याला कळवलं नाही. त्यानेही कळवलं नाही. त्याने घरी जाऊन डबी उघडली नसेल असं होणार नाही.

बाबा सकाळी म्हणाले, "चांगला हाय पोरगा." एवढं म्हणून अंघोळीला गेले. त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. आता सांगता? पण त्यांनी तरी कधी सांगायचं होतं. आम्ही दोघं चांगल्या दिवसाची वाट बघत बसलो. वाईट दिवशी विचारलं असतं तरी चाललं असतं. भांडण झालं असतं आणि संपलं असतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज.

लॅब बंद असते, तरी गेले. जुन्या फायली लावल्या. मालकीणबाई म्हणाल्या, एवढी कामाची आवड! बाबांनी दुपारी डबा आणून दिला, कधी आणत नाहीत. भरीत-भाकर, ठेचा. माझ्याबरोबर तिथेच बसून जेवले. लग्नाचा विषय नाही. मारेगावच्या आत्याकडे कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, यावरच बोलत राहिले. मी हं हं म्हणत राहिले. बाबा, तुम्ही किती चांगले आहात, असं म्हणायचं होतं. भाकर संपली.

सुमीने मांडवातला फोटो पाठवला. तिचा एकटीचा. मुद्दाम एकटीचा निवडला असणार. सुंदर दिसते. 'सुखी राहा' लिहून पाठवलं. मनापासून लिहिलं. तिच्या मागे कोपऱ्यात कुणाचा तरी फेट्याचा तुरा दिसतो. फोटो मोठा करून बघितला. मग पुन्हा बघितला.

३ डिसेंबर

काही नाही. उजेडाकडे धरून सीड्या तपासल्या, कुठे बारीक भोकं पडलीत का. पडली की त्या आतून मरायला लागतात, पुसून काही होत नाही. सगळ्या ठीक आहेत. त्याने चांगल्या चांगल्या माझ्याच ढिगात ठेवल्यात, चोर. 'घुबड' पण. दोन सीड्यांचा 'बर्फ', जो त्याचा जीव होता, तोही.

वाजवली एकही नाही. वाजवायला गेले की कापसाची आठवण येते.

६ डिसेंबर

आज रागावलेय. नुसती रागावलेय. त्याच्यावर, माझ्यावर, त्या रसाच्या गाड्यावर. तोंडाने 'माझ्याशी लग्न कर' म्हणता येत नाही, आणि म्हणे एका घरात दोन कॉप्या कायले. एवढी जोरात गाणी ऐकणारी माणसं, आणि बोलायच्या वेळी दोघंही कुजबुजणारी.

त्या मुलीचा विचार येतो. नाव माहीत नाही, विचारलं नाही. नव्या घरात आली असेल. नवरा कामाचा आहे, गरीब स्वभावाचा, हे तिला कळलं असेल. बाकीचं कळू नये.

१० डिसेंबर, बुधवार

दुपारी अन्सारीभाईंचा फोन, नागपूरहून. त्यांना काहीच माहीत नाही, कोण सांगणार. 'घुबड'वाल्यांचा नवीन अल्बम येतोय. ते ऑर्डर टाकताहेत.

"दीदी, हमेशा जैसा एकच ना?"

तेच पुढे म्हणाले, "सकाळी विलासभाईचा फोन होता. ते बी बोलले, एकच मंगाव. मी विचारलं, किसके पते पे भेजू? तर बोलले, वंदनाको पूछो."

वंदनाको पूछो.

लग्नाला किती दिवस झाले तुझ्या? हळद तरी गेली का अंगाची? आणि अजून एकच मागवतोस. कुणाचा पत्ता देऊ मी? माझा दिला तर तू कापसाची वाट बघत बसशील. तुझा दिला तर मी. आणि ती बाई एक दिवस पार्सल उघडेल आणि विचारेल, नुसतीच सीडी? डबी कुठाय?

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या आधी एक क्षण आनंद झाला. तो आनंद झाला याचंच जास्त वाईट वाटतंय.

अन्सारीभाई म्हणाले, शुक्रवारपर्यंत सांगा.

सांगायचं एवढंच आहे की दोन पाठवा, एक इकडे, एक तिकडे. बाबांसमोर एकदा म्हणून बघावं म्हणून स्वयंपाकघरात गेले. ते म्हणाले, "काय पाहिजे?" म्हटलं, "काही नाही." दुपारपासून 'दोन' हा एक शब्द तोंडात घेऊन फिरतेय. बाहेर निघत नाही.